चार विरुद्ध चारमध्येही पोरांचा घोळका होतो, सुटलेला घोळका पंधरा दिवसांनी परत येतो: कारण आणि उपाय

किनारपट्टीवर पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या ज्यांच्याशी माझं बोलणं होतं, त्यांची तक्रार एकच असते. अकरा विरुद्ध अकरा खेळवलं की बॉलभोवती मोहोळ जमतं, म्हणून चार-चारच्या टीम केल्या, छोटं मैदान आखलं, तरी आठच्या आठ पोरं बॉलवरच. बाजूला कोणी नाही. बॉल गेला तर मागे कोणी नाही. दोन-तीन आठवडे जीव तोडून शिकवलं की खेळ जरा मोकळा होतो, आपल्याला वाटतं जमलं, आणि एका संध्याकाळी बघावं तर पुन्हा पहिल्यासारखं.

माझंही हेच चाललं होतं. दापोलीच्या खाली कर्दे-मुरूडच्या पुळणीवर मी आठवड्यातून चार संध्याकाळी दहा ते तेरा वर्षांच्या पोरापोरींना खेळवतो. घोळका सुटायचा आणि परत यायचा. तो परत का येतो, हे कळायला मला दोन हंगाम लागले. पोरांचं लक्ष नाही, सराव चुकवतात, मोबाइल फार बघतात, असं मी धरून चाललो होतो. खरं कारण त्यांच्या पायाखाली होतं.

आधी वय बघा. पोरं सात-आठ वर्षांची असतील तर घोळका होणारच. त्या वयात बॉल एक असतो आणि तो आपल्यालाच हवा असतो. त्यांना दोन विरुद्ध दोन, फार तर तीन विरुद्ध तीन खेळवा, भरपूर बॉल द्या आणि पसरण्याचं नाव काढू नका. पुढचं सगळं दहाच्या वरच्यांसाठी आहे.

जे करून उपयोग झाला नाही

"पसरा रे, पसरा!" हे मी वर्षभर ओरडलो. पोरं माझ्याकडे बघायची, चार पावलं बाजूला जायची आणि मी दुसरीकडे वळलो की परत बॉलकडे. पसरायचं म्हणजे कुठे जायचं आणि तिथे जाऊन आपल्याला काय मिळणार, हे त्या ओरडण्यात कुठेच नव्हतं.

मग टाचेने वाळूत वर्तुळं आखली आणि प्रत्येकाला आपापल्या वर्तुळाजवळ राहायला सांगितलं. घोळका गेला, खेळही गेला. बॉल दोन पावलांवरून चालला तरी पोरगा वर्तुळ सोडेना. "सर, तुम्हीच सांगितलंत ना!" त्याचं बरोबर होतं.

दोन टचची अट, म्हणजे बॉलला दोनदाच पाय लावायचा, घालून पाहिली. ज्याला बॉल नीट थांबवता येत नाही त्याला दोन टचची अट घातली की तो घाबरून समोर लाथ मारतो. बॉल कुठे थांबवायचा हे ज्यांना येतं, त्यांच्यासाठी ही अट चांगली आहे, तोवर नको. रोंडोबद्दलही पुष्कळ जण विचारतात. गोल करून उभं राहायचं आणि मधल्याला बॉल मिळू द्यायचा नाही, हा सराव पाससाठी उत्तम. पण त्यात ना गोल असतो ना दिशा, त्यामुळे तिथे सुंदर पास देणारी पोरं सामना सुरू झाला की पुन्हा बॉलमागे धावतात.

वाळूवरचे पाय बघा

एका पौर्णिमेच्या आसपास ओहोटी लांबवर गेली होती. ओली, घट्ट, आरशासारखी वाळू. तीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद मैदान आखलं, दोन टोकांना दोन गोल, दहा मिनिटं खेळवलं. पाणी प्यायला पोरं सुरूच्या झाडांखाली गेली आणि मी एकटा मैदानावर राहिलो.

मधला पट्टा नांगरल्यासारखा उखणलेला. एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत सहा-सात पावलं रुंदीचा रस्ताच पडला होता. दोन्ही बाजूंना वाळू जशीच्या तशी, ओहोटीने जाताना सोडलेल्या बारीक लाटांच्या रेघांसकट. फक्त समुद्राकडच्या बाजूला एका जागी दोन पावलांचे ठसे होते, पुन्हा पुन्हा तिथल्या तिथे उठलेले. सातवीतली एक मुलगी मी सांगितलं म्हणून बाजूला जाऊन थांबली होती. दहा मिनिटं हात वर करून उभी होती. तिला एकदाही बॉल मिळाला नव्हता.

ते ठसे बघून मला फार वाईट वाटलं. जी पोर ऐकते तिलाच मी खेळाबाहेर ठेवलं होतं. आणि बाकीच्यांचं तरी काय चुकलं? गोल बरोबर मध्यावर, समोरासमोर. सगळ्यात जवळचा रस्ता मधूनच जातो. पोरं त्याच रस्त्याने गेली.

तुमच्याकडे वाळू असेल तर ही तपासणी पहिली करा. ताज्या ओल्या वाळूवर दहा मिनिटं खेळवा आणि ठसे बघा. लाल मातीच्या मैदानावर सकाळी दव असताना थोडंफार दिसतं. नाहीतर कडेला बसून, पोरं मधल्या पट्ट्याबाहेर किती वेळा बॉलला पाय लावतात ते मोजा.

मैदान आडवं करा, गोल चार करा

त्याच संध्याकाळी मी मैदान फिरवलं. रेघा त्याच, गोल मात्र लांब बाजूंवर आणले. आता एका गोलापासून दुसऱ्यापर्यंत वीस पावलं आणि रुंदी तीस. शिवाय प्रत्येक बाजूला मध्यावर एक गोल न ठेवता दोन्ही कोपऱ्यांजवळ एकेक छोटा गोल केला. दोन पावलांचा गोल, खुणेला नारळाची सोडणं. कोन विकत घेण्याची काही गरज नाही.

चार गोलांची कल्पना माझी नाही. जर्मनीतले हॉकीचे खेळाडू आणि प्रशिक्षक होर्स्ट व्हाइन यांनी फुनिन्यो नावाचा खेळ रुजवला. तीन विरुद्ध तीन, चार छोटे गोल, आणि गोलापासून सहा मीटरच्या पट्ट्यात शिरल्याशिवाय गोल मारायचा नाही. जर्मन फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांसाठी याच धर्तीचे छोटे सामने देशभर सक्तीचे केले. सहा मीटरची अट सोडू नका. ती नसली की एखादा दांडगा पोरगा लांबून लाथा घालून गोल करत बसतो आणि बाकीचे बघत राहतात.

दोन गोल लांब लांब असले की बॉलवाल्याला समोर गर्दी दिसते आणि दुसरा गोल मोकळा दिसतो. तिकडे आपलं कोणी असलं तर पास गेला की गोलच. हे पोरांना सांगावं लागत नाही, दोन-तीनदा गोल खाल्ले की कळतं. तिसऱ्या डावात त्या मुलीला पहिला पास आला. तिने बॉल थांबवला, चार पावलं नेला आणि मारला. त्यानंतर तिच्या बाजूला कोणीतरी उभं राहायला लागलं, तिला अडवायला.

खेळ थोडा वेळ ठेवा. वाळूवर पाय लवकर भरून येतात. तीन मिनिटं खेळ, दीड मिनिट विश्रांती, असे चार-पाच डाव पुरेत. दमलेलं पोर धावायचं बंद करतं आणि घोळका परत जमतो, तेव्हा तो घोळका दमल्याचा आहे की सवयीचा, हे ओळखायला शिका.

तरी पंधरा दिवसांनी परत का?

हे माझं खरं दुखणं होतं. आडव्या मैदानाने आठवडाभर फरक दिसला आणि पुढच्या आठवड्यात सगळं पाण्यात. मी वहीत सरावाची तारीख, कोण आलं, काय खेळलो एवढं लिहीत असे. एकदा ती वही घरच्या कॅलेंडरशेजारी ठेवून बघितली. वाईट गेलेल्या जवळजवळ सगळ्या संध्याकाळी सप्तमी ते दशमीच्या होत्या.

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचा हिशोब सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या शिक्षकांसाठी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. आमची सरावाची वेळ पाच ते सव्वासहा. पुळण रुंद, वाळू घट्ट. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. ऐन सरावाच्या वेळी पूर्ण भरती. अष्टमीला भांग, म्हणजे छोटी भरती असते, उधाणाएवढं पाणी चढत नाही, तरी घट्ट वाळू सगळी पाण्याखाली जाते आणि आपल्याला उरते सुरूच्या अलीकडची कोरडी, भुसभुशीत पट्टी, बारा-तेरा पावलांची.

त्या पट्टीत आडवं मैदान मावत नाही असं म्हणून मी ते किनाऱ्याच्या अंगाने उभं आखायचो. तीस लांब, बारा रुंद, दोन टोकांना गोल. म्हणजे ज्या आकाराने घोळका जमला होता त्याहूनही चिंचोळा आकार मी दर पंधरवड्याला पोरांसमोर मांडत होतो. पाऊल मीटरभर धरलं तर तीस गुणिले वीसमध्ये आठ जणांना माणशी ७५ चौरस मीटर मिळतात, तीस गुणिले बारामध्ये ४५. पूर्ण मैदान १०५ गुणिले ६८ मीटरचं असलं तर बावीस जणांत माणशी सव्वातीनशेच्या आसपास येतात. जागा कमी झाली की शेजारचा पोरगा बॉलपासून दोन पावलांवर असतो. त्याने बॉलवर जाऊ नये असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसरी गोष्ट वाळूची. भुसभुशीत वाळूत जमिनीवरून दिलेला पास पाच-सहा पावलांत मरतो. पोरं दोनदा पास देतात, बॉल मध्येच थांबतो, दुसरी टीम उचलते. तिसऱ्यांदा पास देतच नाहीत. मग बाजूला उभं राहण्यात काही अर्थ उरत नाही आणि सगळे बॉलजवळ येतात. हा त्यांचा हट्ट नाही. पास पोचत नाही हे त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

वाळूवरच्या फुटबॉलचं अधिकृत मैदान ३५ ते ३७ मीटर लांब आणि २६ ते २८ मीटर रुंद असतं, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू. इनडोअर फुटसालचं आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान ३८ ते ४२ लांब आणि २० ते २५ रुंद, खेळाडू तेवढेच. वाळूवरचं मैदान किती चौरसाकडे झुकलेलं आहे बघा. मी नेमकं उलट करत होतो.

भरतीच्या दिवशी काय खेळवायचं

आता अष्टमीच्या आसपास मी चारचे तीन करतो. तीन विरुद्ध तीन, मैदान आडवंच: एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बारा पावलं आणि किनाऱ्याच्या अंगाने तीस पावलं रुंदी. माणशी ६० चौरस मीटर मिळतात. उरलेल्या पोरांसाठी शेजारी तसंच दुसरं मैदान.

यात एक अडचण आहे. आडव्या मैदानात एक टीम समुद्राच्या दिशेने खेळते आणि बॉल पाण्यात जातो. म्हणून या दिवसांत गोल ठेवतच नाही. दोन्ही बाजूंना रेघ मारायची आणि बॉल पायात घेऊन रेघेवर थांबवला की गोल. लाथ मारून रेघ ओलांडली तर गोल नाही, बॉल समोरच्यांचा. बॉल उडत नाही, आणि पोरांना बॉल घेऊन समोरच्याच्या अंगावर जायची सवय लागते. समुद्राकडची रेघ लाटेच्या शेवटच्या ओल्या खुणेपासून पाच पावलं वर घ्या आणि त्या बाजूला एक मोठा माणूस उभा करा. बॉल पाण्यात गेलाच तर पोराने त्याच्यामागे जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि रोज सांगा. पावसाळ्यात आम्ही पुळणीवर उतरतच नाही, नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा खाली येतो.

पासचा उपाय पायाच्या बोटांत आहे. मऊ वाळूत बॉल ढकलायचा नाही, बोटं बॉलखाली सरकवून उचलायचा. गुडघाभर उंचीचा, हळू पास. दहा मिनिटं जोडीजोडीने फक्त हेच करून घ्या, अनवाणी. समोरच्याने मांडीवर किंवा छातीवर घ्यायचा आणि खाली सोडायचा. पास पोचायला लागला की पोरं आपोआप लांब होतात. या पासवर मी खेळाआधी जेवढा वेळ घालवतो तेवढा दुसऱ्या कशावरच घालवत नाही.

एक रोखणार, एक राखणार

अटॅक मोकळा झाला की बचावातला घोळका उघडा पडतो. तिघं बॉलवर जातात आणि दुसरा गोल मोकळा राहतो. आमच्याकडच्या पोरांना हे समजावायला कबड्डी पुरते. चढाईवाला आत आला की कोपऱ्यातला गडी लगेच झडप घालतो का? नाही. तो वाट बघतो, त्याला आत येऊ देतो, आणि पकड होते तेव्हा शेजारचा साखळीत तयार असतो. एकट्याने घाईने हात घातला की गडी बाद.

तेच इथे. बॉलजवळचा एक जण रोखणार. त्याने बॉल काढून घ्यायचा नाही, वेग मारायचा. अंग आडवं, गुडघे वाकलेले, हातभर अंतर, नजर बॉलवर, आणि समोरच्याला एकाच बाजूला जायला जागा द्यायची. दुसरा त्याच्या तिरका मागे तीन-चार पावलांवर, तो राखणार. रोखणारा चुकला की हा पुढे. बॉल दुसरीकडे गेला की दोघांची कामं बदलतात, आणि नेमक्या त्या बदलात पोरं चुकतात, म्हणून सगळा सराव त्यावरच ठेवा. बारा गुणिले बारा पावलांत दोन विरुद्ध दोन, चार कोपऱ्यांत चार गोल, एका डावाला पाऊण मिनिट, मग नवी चौघं.

मुख्य अडचण ही की राखणारा गप्प उभा राहतो. मागून त्याला सगळं दिसतं, पुढच्याला दिसत नाही. म्हणून नियम केला: राखणारा बोलला नाही तर जिंकलेला बॉल परत द्यायचा. "थांबव", "डावीकडे ने", "आता घे", एवढे तीनच शब्द. पहिले दोन दिवस लाजतात, नंतर पुळणीवर नुसता कल्ला असतो.

अटॅकवाल्यांची उलटी चूक म्हणजे दोन विरुद्ध एकमध्ये पास फार लवकर देणं. बचाववाला अजून लांब असतो, तो आरामात वळून दुसऱ्यावर जातो. बचाववाल्याच्या पुढे तीन पावलांवर वाळूत रेघ मारा आणि ती ओलांडेपर्यंत पास द्यायचा नाही असं सांगा. बचाववाला बॉलवाल्याला बांधला गेला, मग पास. आठवड्याने रेघ काढून टाका.

बॉल गेल्यावर मागे कोणी येत नाही, याला चार गोलांच्या खेळात एक नियम जोडा. गोल झाला तेव्हा गोल खाणाऱ्या टीमचा एखादा पोरगा मधल्या रेघेपलीकडे राहिला असेल तर तो गोल दुप्पट. बॉल गेल्या क्षणी सगळ्या टीमने मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं, तेवढ्यात सगळ्यात जवळच्याने झडप घालायची आणि बाकीच्यांनी मागे पळायचं. प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलाच्या काळातल्या बार्सिलोना संघाची बॉल गेल्यावर पाच सेकंदांत परत मिळवण्याची धडपड प्रसिद्ध आहे. आमच्या पोरांना ती जमेलच असं नाही, पण मोजायला लागली की ती उभी राहत नाहीत, एवढं नक्की.

सामन्याच्या दिवशी

इतकं करूनही सड्यावरच्या, म्हणजे वरच्या पठारावरच्या, लाल मैदानावर सामना असला की पहिली दहा मिनिटं घोळका दिसतो. जांभ्याच्या कडक जमिनीवर बॉल आपल्या वाळूच्या दुप्पट पळतो आणि टप्पाही उंच घेतो. पोरांचा अंदाज चुकतो, बिथरतात, बॉलकडे धावतात. त्यासाठी आम्ही अर्धा तास आधी पोचतो. सगळ्यांनी मैदानाची रुंदी पावलांनी मोजायची, दोन्ही बाजूच्या रेघांवरून चालत जायचं, आणि मग जमिनीवरून एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत लांब पास द्यायचे, बॉल किती पळतो ते कळेपर्यंत. गोलावर लाथा मारायचा सराव नंतर, वेळ उरला तर. बूट नवे असतील तर ते आठवडाभर आधी घालायला लावा. वाळूवर अनवाणी खेळणाऱ्या पोराला बुटात बॉल कळत नाही आणि तो पास द्यायचं टाळतो, म्हणजे पुन्हा घोळकाच.